अंगणवाडी, वावर आणि चूल यांच्या मधात ध्यान बसवायचं कुठं?

ताई, तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि सकाळी चहा घेताना पुन्हा वाचला. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहात. घरी सासू, नवरा, दोन लेकरं, चार एकर वावर आणि एक गाय. मोबाइलवरच्या एका ॲपचं ऐकून रोज वीस मिनिटं ध्यान करायचं ठरवलंत, ते पाचव्या दिवशी सुटलं. डोळे मिटले की रजिस्टर, खिचडीचा तांदूळ, गॅसचा नंबर, पोरीची फी असं सगळं रांगेत येऊन उभं राहतं. वरून सासूबाई विचारतात, "काय वं, दिवसाढवळ्या डोये मिटून कायले बसली? बरं नाही वाटून राह्यलं का?" शेवटी तुम्ही विचारलंय की शहरातल्यांचं ठीक आहे, पण आमच्यासारख्यांना हे जमण्यासारखं आहे का, आणि ते ॲप ठेवू की काढून टाकू.

आधी मी कोण ते सांगते. मी आरोग्य सेविका होते. वर्धा जिल्ह्यात दोन उपकेंद्रांवर मिळून 31 वर्षं काढली, आता निवृत्त आहे. ध्यान करते त्याला पंचवीसेक वर्षं झाली असतील. आता बचत गटातल्या बायांना, आशांना, कधी शाळेतल्या पोरापोरींना शिकवते. मी गुरू वगैरे नाही. माझ्या नावापुढं काही लावू नका.

अडचण वेळेची आहे असं तुम्ही लिहिलंय. मला ते अर्धंच खरं वाटतं. तुमच्या प्रश्नात मला दोन वेगळ्या गाठी दिसतात. पहिली ही की, आपल्याकडं घरातली सून हातात काम न घेता बसलेली दिसणं हाच एक प्रसंग असतो. ती आजारी असेल, रुसली असेल, नाहीतर माहेरून काही वाईट कळलं असेल. चौथं कारण कोणाला सुचतच नाही. तुमच्या सासूबाईंनी विचारलं त्यात वाईट हेतू नाही, त्यांनी आयुष्यात कोणाला असं बसलेलं पाहिलेलं नाही. दुसरी गाठ म्हणजे, मन भटकलं की ध्यान फसलं असं तुम्ही धरून चालला आहात. पहिली गाठ घरातली, दुसरी समजुतीतली. ॲप बनवणाऱ्याला पहिलीची खबर नाही, आणि दुसरी त्यानं तुम्हाला नीट उलगडून सांगितलेली दिसत नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवरच आहेत, त्या आधी मोकळेपणानं सांगून टाकते. अंगावर पिणारं लेकरू असेल तर वेगळं सांगावं लागतं. वेचणीच्या दिवसांत जे जमतं आणि मे महिन्यात कूलरपुढं बसून जे जमतं, त्यात फरक असतो. तुम्ही किती झोपता हे लिहिलेलं नाही. ते मला सगळ्यांत आधी विचारायचं आहे. ज्या बाईची झोपच पाच तासांची, तिला मी पहाटे चारला उठून ध्यान कर असं कधी सांगत नाही. तिनं आधी झोपावं. थकलेल्या माणसानं डोळे मिटले की त्याला झोप येते, आणि ते बरोबरच आहे, शरीर त्याचं काम करतंय.

आता मी स्वतः कशी शिकले ते सांगते, कारण तुमच्या कामाला ते लागू पडेल. मी ध्यान लेकरांचे श्वास मोजता मोजता शिकले. पावसाळ्यात उपकेंद्रावर खोकला-तापाच्या लेकरांची रांग लागायची. साधी सर्दी आहे की न्यूमोनिया, हे ओळखायला आमच्या हाती एक घड्याळ आणि दोन डोळे. आकडे तुम्हालाही ठाऊक असतील. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतचं 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांचं 40 किंवा जास्त श्वास घेत असेल, तर श्वास जलद समजायचा. हे मोजणं दिसतं सोपं, पण सोपं नाही. बाळ रडत असेल तर मोजायचं नाही. आईच्या मांडीवर त्याला निवू द्यायचं, झबलं वर करायचं, छाती आणि पोटाच्या मधल्या एका जागेवर नजर ठेवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून सेकंदकाटा पाहायचा. पूर्ण मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं की चूक होते, कारण तान्ह्या बाळाचा श्वास घड्याळासारखा चालत नाही. मधेच थबकतो, मग चार भराभर येतात.

1993 चा पावसाळा होता. उपकेंद्राच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता, व्हरांड्यात वीस-बावीस बाया, आणि माझं स्वतःचं पोरगं घरी तापानं फणफणलेलं. एक सात महिन्यांचं बाळ पुढ्यात आलं. मोजलं, 54 आले. औषधाचा पहिला डोस पाजला, चिठ्ठी लिहून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून चढलेला माझा आवाज खाली आलाय. खांदे सैल झालेत. काम तेवढंच होतं, रांग तेवढीच, घरचं पोरगंही तसंच. मधे फक्त एक मिनिट असं गेलं होतं की त्या बाळाच्या पोटाखेरीज मी दुसरीकडं कुठंही नव्हते. त्याला ध्यान म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण पुढचं बाळ मोजायचं आलं की मला बरं वाटायचं, एवढं खरं.

तर तुमचा पहिला अभ्यास हाच. आज लेकरं घरी गेली आणि मदतनीस भांडी घासत असली की खुर्चीत बसा, घड्याळ समोर धरा आणि स्वतःचा श्वास एक मिनिट मोजा. मोठा करायचा नाही, रोखायचा नाही, फक्त मोजायचा. बसलेल्या मोठ्या माणसाचा साधारण 12 ते 20 येतो. पहिल्या वेळी दोन गोष्टी होतील. लक्ष गेलं की श्वास लाजल्यासारखा बदलेल, तो बदलू द्या. आणि सातव्या-आठव्या श्वासाला तुम्ही तांदळाच्या पोत्याकडं निघून जाल. परत आल्यावर चिडायचं नाही, एकपासून पुन्हा मोजायचं. मी शिकवते त्यातल्या बहुतेक बायांचा पहिल्याच मिनिटात दोनदा-तीनदा आकडा चुकतो. माझा आजही चुकतो.

या चुकण्याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुम्ही तिथंच हरलात. आता ज्याला माइंडफुलनेस म्हणतात, मराठीत सजगता म्हणतात, त्याचा मूळ पाली शब्द 'सती' आहे. आपल्याकडं तो शब्द ऐकला की भलतंच काही डोळ्यांपुढं येतं, पण संस्कृतात तो 'स्मृती', म्हणजे आठवण. ऱ्हिस डेव्हिड्स नावाच्या पाली पंडितानं 1881 मध्ये त्याला इंग्रजी शब्द दिला, आणि 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी एक वर्ग काढला. तिथून ते दवाखान्यांत गेलं आणि फिरत फिरत तुमच्या मोबाइलवर आलं. त्या वर्गात सुरुवातीला प्रत्येकाला एक मनुका देतात आणि ती कधी पाहिलीच नसल्यासारखी पाहायला, हुंगायला, मग हळूहळू चावायला सांगतात. मी आमच्याकडं संत्र्याची फोड देते. एकदा एक आजी फोड तोंडात धरून बसली आणि म्हणाली, "बाप्पा, साठ वर्षं संत्री खाल्ली, पण याच्यात धागे किती असतात थे आज पाह्यलं."

पण मला आवडतो तो 'आठवण' हा अर्थ. आठवण व्हायला आधी विसर पडावा लागतो. तुमची गाय धुऱ्यावर चरायला सोडली तर ती शेजारच्या हरभऱ्यात तोंड घालणारच. तुम्ही तिला तिथून आणता, ती पुन्हा जाते, तुम्ही पुन्हा आणता. गाय राखणं म्हणतात ते यालाच. वीस वेळा गेली आणि वीस वेळा आणली, तर त्या दिवशी गाय राखणं झालं नाही असं कोणी म्हणत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण तसं म्हणतो.

उपकेंद्रावरच्या त्या पावसाळ्यानंतर दहा वर्षांनी, 2003 मध्ये, रजा साठवून मी इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. पहाटे चारची घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, कोणाशी बोलायचं नाही, पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. मला त्याचा फार फायदा झाला, ते नाकारत नाही. निघताना सांगतात की घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा. मी बसले, एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी रात्री दोनला बाळंतपणाला बोलावणं आलं, दुसऱ्या दिवशी लसीकरणाचं सत्र, तिसऱ्या दिवशी नणंद आली. मग सुटलं ते सुटलंच. त्यानंतर चार महिने मी श्वासाकडं पाहिलंच नाही, कारण पाहिलं की अपराधी वाटायचं. एक तास जमत नाही म्हणून मी एक मिनिटही सोडून दिलं होतं. तुमच्या वीस मिनिटांचंही तेच झालंय.

म्हणून मी आता वेगळा वेळ काढायला सांगतच नाही. सदरा टांगायला आपण नवी भिंत बांधत नाही, आहे त्या भिंतीतली खुंटी पाहतो. तुमच्या दिवसात पक्क्या ठोकलेल्या खुंट्या कोणत्या, त्या शोधायच्या आणि एकेका खुंटीला थोडं थोडं लक्ष अडकवायचं. खुंटीला माझ्या दोन अटी. ती गोष्ट रोज होणारी हवी, आणि त्या वेळी हात किंवा पाय कामात असलेले हवेत. म्हणजे कोणी विचारत नाही.

माझी सगळ्यांत जुनी खुंटी म्हणजे पहिली भाकर. सगळ्या भाकरी नाही, पहिली एकच. परातीत ज्वारीचं पीठ, त्यात कोमट पाणी, तळहाताच्या टाचेनं मळताना आधी कचकच लागतं, मग गोळा गुळगुळीत होतो, तो बदल हाताला नेमका कधी कळतो ते पाहायचं. खाली पिठाची भुरभुर टाकून थापायला घेतलं की आवाज ऐकायचा. भाकर जाड असते तोवर आवाज दबका येतो, पातळ होत गेली की परात बोलायला लागते. कडेला चीर पडली की बोट आपोआप तिकडं जातं, आपण न सांगता. तव्यावर टाकली, पिठाच्या बाजूनं पाणी फिरवलं, त्या पाण्याची चकाकी कडेपासून मधाकडं आटत येते, ती पूर्ण आटायच्या आत उलटायची. एवढं सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. त्यात मन चार वेळा शाळेच्या डब्याकडं जाईल, चार वेळा आणा. दुसऱ्या भाकरीपासून खुशाल लेकरांवर ओरडा.

यात हळू काही करायचं नाही, हे मुद्दाम सांगते. सजगता म्हणजे सगळं संथपणे करणं असा एक समज आहे आणि तो रिकामटेकड्या माणसांनी पसरवलेला आहे असं मला वाटतं. किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईला मी हळू वेच म्हणाले तर तिची मजुरी कोण देणार? ती आपल्या वेगानंच वेचते. फक्त दिवसातला पहिला तास, म्हणजे कपाशीची पहिली ओळ, धरला की तो शेवटपर्यंत बोटांकडं लक्ष ठेवून वेचायचा. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना कुठं टोचतात, कापूस सुटताना होणारी बारीक ओढ, कमरेच्या ओटीचं वजन पावलागणिक कसं वाढतं. तास संपला की कंबर सरळ करायची, एक श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्यायचा, मग पुढचा तास बायांशी गप्पा मारत. तुम्ही रविवारी वावरात जाता असं लिहिलंय. दंव वाळेपर्यंत धुऱ्यावर थांबावं लागतं ना, तेवढा वेळही तुमचाच आहे.

अंगणवाडीत मला दोन खुंट्या दिसतात. एक कुलूप. सकाळी किल्ली कुलपात घातली की फिरवण्याआधी एक श्वास, दोन्ही पाय जमिनीला टेकलेत का तेवढं पाहायचं, मग दार उघडायचं. आत पंचवीस लेकरांचा गलका सुरू होणारच आहे. दुसरी खुंटी मोबाइल. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर माहिती भरताना नेट हळू असलं की गोल गोल फिरत राहतं आणि आपला अंगठा त्या काचेवर टिचक्या मारत राहतो. टिचक्या मारल्यानं नेट येत नाही, हे आपल्याला माहीत असतं. तेवढ्यात तीन श्वास होतात. सरकारी कामात ध्यानाला अशी जागा मिळेल असं मला नोकरीत असताना कधी वाटलं नव्हतं.

एकदम चार खुंट्या धरू नका. पहिले पंधरा दिवस एकच: एक मिनिट मोजणं, किंवा भाकर, किंवा कुलूप. जी आपसूक आठवू लागेल तिच्यानंतर दुसरी.

आता सासूबाईंकडं वळते. तुम्हाला कधीतरी दहा मिनिटं नुसतं बसावंसं वाटेल, आणि वाटलं पाहिजे. माझ्या सासूबाईंच्या राज्यात मी जवळजवळ वर्षभर मांडीवर सूप घेऊन बसले. सुपात मूठभर तुरीची डाळ. बोटं डाळीत, नजर सुपात, लक्ष श्वासावर. सूप घेऊन बसलेली बाई जगात कोणालाही रिकामी दिसत नाही. तीच मूठभर डाळ मी आठवडाभर निवडत होते, हे सासूबाईंच्या एक दिवस लक्षात आलं. म्हणाल्या, "वं, ह्या डायीत खडे येतात तरी कुठून?" मग खरं सांगितलं. त्या हसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून माळ घेऊन माझ्या शेजारी बसायला लागल्या. त्यांच्यासाठी ते नामस्मरण होतं, माझ्यासाठी श्वास. भांडण काहीच नव्हतं. ते आधीच सांगितलं असतं तर सुपाचं नाटक वाचलं असतं.

तुमच्या गावात संध्याकाळी काय असतं ते पाहा. विदर्भातल्या कितीतरी गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, काही ठिकाणी पहाटे सामुदायिक ध्यानही होतं. बुद्धविहारात वंदना असते. विठ्ठल मंदिरात हरिपाठ असतो. यातल्या कशातही बाई बसली तर तिला कोणी बरं नाही का म्हणून विचारत नाही. तुमचा जिथं जीव रमेल तिथं जा, सासूबाईंनाही घेऊन जा. सगळ्यांचा आवाज एकदम थांबतो तो एक क्षण असतो, खंजिरीचा नाद विरतो, कोणी खोकत नाही, बाहेर एखादी गाडी जाते. तो क्षण चुकवू नका. मी गावात नवी होते तेव्हा फक्त त्याच्यासाठी जायचे.

तुम्ही मधेच एका ओळीत लिहिलंय की पर्यवेक्षिकेचा फोन आला की छातीत धडधडतं. त्याला मोजणं पुरत नाही, त्याला दुसरं आहे. आधी एक प्रयोग करा. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधा. श्वास आत घेताना ती किंचित भरभर लागते आणि सोडताना किंचित सावकाश. तरण्या माणसात हे स्पष्ट कळतं, माझ्या वयात कमी. मेंदूकडून हृदयाकडं येणारी व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते, आणि श्वास सोडताना तो लगाम जास्त लागतो. म्हणून धडधडलं की मोठा श्वास घे असं जे सांगतात ते अर्धवट आहे. घेण्यापेक्षा सोडणं लांबवायचं. मनात तीनपर्यंत मोजत घ्या, पाच-सहापर्यंत मोजत सोडा, गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांतून. असे पाच-सहा पुरेत. जोरजोरानं मोठे श्वास घेतले तर चक्कर येते, हातापायाला मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतं. गरोदर बाईनं आणि दम्याच्या माणसानं श्वास रोखून धरायचे प्रकार करू नयेत. फोन वाजला की एक रिंग जाऊ द्या, तेवढ्यात एक श्वास सोडून होतो. दुसऱ्या रिंगला उचलला तर कोणी नोटीस काढत नाही.

आता माझी एक चूक. बारा-तेरा वर्षं झाली असतील. एका गावात मी बायांना डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांत एक बाई होती, तिच्या नवऱ्यानं वर्षभरापूर्वी विष घेतलं होतं. मला ते माहीत होतं आणि मला वाटलं हिला तर याचा जास्त उपयोग होईल. दोन मिनिटांत ती थरथरायला लागली, श्वास कोंडला, उठून बाहेर पळाली. नवऱ्याची शेवटची घरघर तिनं जवळून ऐकली होती. श्वास म्हटल्यावर तिला तीच ऐकू आली. मी तिला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. त्या दिवसानंतर मी नव्या माणसाला डोळे मिटायला लावत नाही. डोळे उघडे, पाय जमिनीवर, आणि ज्याला श्वासाची भीती वाटते त्यानं श्वास सोडून द्यावा, तळपायाखालची जमीन पाहावी, अंगणातले आवाज ऐकावेत, परातीचा थंडपणा पाहावा. तुमच्या बाबतीत असं काही असेल तर मला इथं सगळ्यांपुढं सांगायची गरज नाही. श्वासाऐवजी पायांवर लक्ष ठेवा, तेवढंच.

आणि सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, किंवा जगून काय करायचं असं मनात येतं, अशी गत तुमची असो की तुमच्या गृहभेटीतल्या एखाद्या बाईची, तिथं ध्यानावर थांबू नका. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. गोळ्या चालू असतील तर त्या ध्यानामुळं बंद करायच्या नाहीत. एक बाई तसं करून बसली होती, तिला सावरायला सहा महिने लागले.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. माझ्याकडं कधी कधी घरचीच माणसं बाईला आणून सोडतात आणि म्हणतात, हिला जरा ध्यान शिकवा, फार चिडते. मी आधी तिला एकटीला विचारते की का चिडतेस. कोणाला मार बसत असतो, कोणाचे पैसे सासरा काढून घेतो, कोणी एकटीच तीन माणसांचं काम करत असते. तिथं राग बरोबर असतो. श्वास पाहिल्यानं एवढंच होतं की ती बाई रागात भांडं आदळण्याऐवजी नीट शब्दांत सांगू शकते की हे मी करणार नाही. तुमचं काम जास्त असेल, नवरा संध्याकाळी गायीचं दूध काढू शकत असेल आणि काढत नसेल, तर तो विषय ध्यानाचा नाही. त्याला सांगा.

राहिला ॲपचा प्रश्न. त्यातली घंटा चांगली वाटत असेल तर तेवढी ठेवा, एक मिनिटावर लावा. "सलग इतके दिवस" असं मोजून दाखवणारं जे असतं ते मात्र बंद करा. एक दिवस चुकला की तो आकडा शून्यावर येतो आणि माणूस ॲपच काढून टाकतं. माझं एकोणीस दिवसांचं असंच झालं होतं, तेव्हा तर मोबाइलही नव्हता. पंधरा दिवसांनी भाकरीचं काय झालं ते इथंच लिहा. आणि किती तास झोपता, तेही.